चष्म्यातलं खळं

ज्वारीच्या कणसात चीक भरला की रानाला एक कोवळा वास सुटतो. दुधाचा म्हणावा तर दुधाचा नाही, गवताचा म्हणावा तर गवताचा नाही. काल सकाळी बांधावरून चालताना तो नाकात शिरला आणि मी थांबलो. लोकांना ह्या वासानं हुरडा आठवतो, गोवऱ्यांची आगटी आठवते, लसणाची चटणी आठवते. मला आठवली एक गारेगार खोली. पडदे ओढलेले, भिंती पांढऱ्या, आणि मधोमध उभा मी. डोळ्यांवर डबड्याएवढा काळा चष्मा आणि दोन्ही हातांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलेलं. समोर समुद्र होता म्हणून.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे लिहितोय म्हणजे मोबाईलशी बोलतोय. मी बोलतो, तो अक्षरं उठवतो आणि सून नंतर पूर्णविराम टाकते. शब्दाला हात लावायचा नाही, असं तिला सांगून ठेवलंय. ती हसते, पण ऐकते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमची मंडळी गेली. नाव हिराबाई, पण त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. ती गेल्यावर गावात ज्याला त्याला माझ्याकडं बघून मान कलती करायची सवय लागली. घोडेगावच्या बाजारात गेलो तर म्हशीचा सौदा करता करता माणूस मधेच आवाज बारीक करायचा. मला त्याचा वैताग आला. बाजारात जाणं सोडलं. रान चुलतभावाला वाट्यानं दिलं. दाराशी तिच्या चपला होत्या, डाव्या चपलेचा पट्टा तुटल्यावर तिनं कांद्याच्या गोणीच्या लाल दोऱ्यानं शिवलेला. मुलगा म्हणाला, अण्णा, काढून ठेवू का. मी म्हणालो, त्या तुला चावत्यात का.

मग पावसाळ्याच्या शेवटी सुनेला नोकरी लागली. अर्चना तिचं नाव, माहेर नगरचं, सावेडीतलं. कॉम्प्युटरचं शिकलेली. शेतीच्या विद्यापीठात एक नवीन विभाग निघाला होता, तिथं तिला घेतलं. काम असं, की चष्म्यात दिसणारं शेत तयार करायचं. पोरांनी चष्मा घालायचा आणि खोलीत उभं राहून जुनी शेती बघायची. नांगरट, पेरणी, राखण, मळणी, सगळं. नोकरी मात्र संक्रांतीपर्यंतच. संक्रांतीच्या सुमाराला शेतकऱ्यांना बोलावून त्यांच्यावर ते शेत चालवून दाखवायचं, त्यांना रुचलं तर काम पुढं चालू, नाही तर राम राम.

मुलगा चाकणला कंपनीत, रविवारचा तेवढा येणार. तो मला म्हणाला, अण्णा, तिच्या सोबतीला राहा. तिला काय म्हणाला ते मला नंतर कळलं. अण्णांची सोबत कर, असं म्हणाला होता. असे आम्ही दोघं एकमेकांच्या सोबतीला म्हणून विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो.

आता खरी अडचण सांगतो. सून घरात आल्यापासून मी आणि ती कधी सरळ बोललोच नव्हतो. भांडण नाही, काही नाही. पद्धतच तशी. ती माझ्यासमोर डोक्यावर पदर घेणार, ड्रेस असला तर ओढणी घेणार. मी स्वयंपाकघरात जायच्या आधी उंबऱ्याशी खाकरणार. खाकरलं की आतून मंडळी म्हणायची, "या." मग जायचं. बोलायचं असलं तर मंडळीच्या मार्फत. सून चुलीपाशी बसून विचारायची, "आत्याबाई, मामांना भाकरी वाढू का?" मी तिथंच चार हातांवर बसलेला. मी सांगायचो, "तिला सांग, अर्धीच वाढ." मंडळी दोघांना म्हणायची, "मी टेलिफोन हाय का तुमचा?"

तो टेलिफोन गेला. क्वार्टरमध्ये दोन खोल्या, आम्ही दोघं. पहिले काही दिवस ती फ्रिजला सांगायची, "भाकरी झालीय." मी खिडकीला सांगायचो, "भाजीला मीठ कमी हाय." फ्रिज आणि खिडकी दोघांना आमच्या घरातलं सगळं माहीत झालं.

एका रविवारी मुलाला सुट्टी मिळाली नाही. अर्चनानं भिंतीकडं बघत विचारलं, "मामा, माझं ऑफिस बघायला येता का?" मी म्हणालो, चला.

दारात चपला काढल्या. आत गेलो. तिनं तो चष्मा माझ्या डोक्यावर बसवला, मागून पट्टा आवळला, हातांत धरायला बटणं असलेल्या दोन मुठी दिल्या. आणि विद्यापीठ गेलं, खोली गेली. मी वाळूवर उभा होतो आणि समोर पाणी. मी जन्मात समुद्र बघितलेला नाही. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीतलं, कॅनॉलचं, मुळा धरणाचं. हे पाणी आपल्या पायानं चालत माझ्याकडं आलं. मी धोतर वर धरलं आणि मागं सरकलो तो टेबलाला आपटलो. मुठी मनगटाला लोंबकळत होत्या.

"मामा, ओलं नाही होत ते."

"तुला काय म्हाईत. तू भायेर उभी हाय."

ती हसली. मला ती दिसत नव्हती, पण हसलेलं ऐकू आलं. मंडळी गेल्यापासून त्या पोरीला मी हसताना ऐकलं नव्हतं. मी मुद्दाम आणखी थोडं धोतर वर धरलं.

मग ते व्यसनच लागलं. रोज दुपारी मी तिचा डबा घेऊन जायचो आणि तिचं जेवण झालं की तिकडं अर्धा तास जग फिरायचो. बर्फाच्या डोंगरावर गेलो. समुद्राच्या तळाला गेलो, तिथं आमच्या बैलगाडीएवढं कासव माझ्या अंगावरून गेलं. चंद्रावर गेलो. चंद्राबद्दल खरं सांगू, आपल्या पाथर्डीकडच्या माळासारखाच आहे. कुसळंसुद्धा नाहीत.

एका जगात माणसं होती. खरी माणसं, कुठकुठल्या देशातली, आपापल्या घरात चष्मा घालून तिथं आलेली. पण अंग आपल्या आवडीचं घ्यायचं. एकजण कोल्हा होऊन आला होता. दोन पायांवर उभा, कोट घातलेला. माझ्यासमोर येऊन काहीतरी इंग्रजीत बोलला. मी हात जोडले, म्हणालो, राम राम. त्यानंही हात जोडले. शेपटी हलवली. आम्ही दोघं एका बाकावर बसलो आणि समोरचा झरा बघत राहिलो. बराच वेळ. त्यानं मला काही विचारलं नाही. त्यानं माझ्याकडं बघून मान कलती केली नाही. त्या जगात कुणालाच माहीत नव्हतं की माझी बायको गेलीय. मी तिथं नुसता एक म्हातारा होतो, झऱ्याकडं बघणारा. घरी येताना मला कळलं की छातीवरचं ओझं मी दुपारभर कुठंतरी ठेवून दिलं होतं. कुठं ठेवलं ते आठवेना.

आणि एक गंमत झाली. चष्मा घातला की मला सून दिसायची नाही. इतकी वर्षं पदर तिच्या डोक्यावर होता. आता माझ्या डोळ्यांवर आला. आणि तो माझ्या डोळ्यांवर आला तसं आम्हाला बोलता यायला लागलं. ती कॉम्प्युटरपाशी बसून खटखट करत बोलायची, मी बर्फात उभा राहून उत्तर द्यायचो. तिनं एकदा विचारलं, "आत्याबाई चिडल्या की काय करायच्या हो? माझ्यावर कधी चिडल्याच नाहीत." मी म्हणालो, "भांडी जोरात घासायची. तुझ्या पाठीमागं लई भांडी घासली तिनं." खटखट थांबली. मग ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला. समोरासमोर हे मी तिला सात जन्मात सांगितलं नसतं.

तिचं स्वतःचं काम मात्र सोपं नव्हतं. तिथलं सॉफ्टवेअर तिला नवीन. मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ लावून शिकायची, वहीत लिहायची, चिडायची. थंडी पडत गेली तशी चष्म्यातली ज्वारी उगवत गेली. आधी नुसतं काळं रान. मग हिरवे दांडे, सगळे एका उंचीचे, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. मग वारा आला. वाऱ्याला तिला आठवडा लागला. ज्या दिवशी सगळं रान पहिल्यांदा एका अंगाला कललं, त्या दिवशी तिनं मला फोन करून डब्याच्या वेळेआधीच बोलावून घेतलं.

मग तिनं बैल केले. पहिल्या दिवशी बैल चालता चालता पोटापर्यंत जमिनीत गेला आणि तसाच चालत राहिला. तोंडावर काही दुःख नाही. "अर्चना, बैल पेरला का गं तू?" मी विचारलं. तेव्हापासून ऑफिसात काहीही बिघडलं की तिच्या बरोबरची पोरं म्हणायची, बैल पेरला.

रानाच्या कडेला तिनं घर ठेवलं. मी चष्मा घालून त्या घराच्या दाराशी गेलो आणि खाकरलो. मुद्दाम नाही, सवयीनं. घरात कुणी नाही हे मला कळत होतं, घर चष्म्यातलं आहे हेही कळत होतं. पण उंबरा दिसला की घसा आपोआप चालतो. तिकडं खटखट थांबली. आणि माझ्या मागून, खोलीतून, अर्चना हळूच म्हणाली, "या मामा." मी आत गेलो. घर रिकामंच होतं. पण 'या' म्हणणारं कुणी होतं.

शेवटी तिनं खळं केलं. हल्ली मळणी मशीन आल्यापासून खळं कुणी करत नाही, म्हणूनच पोरांना ते दाखवायचं होतं. शेणानं सारवलेलं गोल अंगण, मधे लाकडी मेढ, मेढीभोवती कणसं पसरलेली आणि त्यांच्यावरून गोल फिरणारे बैल. खळ्यात पाऊल ठेवलं की बैल चालू लागणार, कणसं मळली जाणार, मग उफणणी, मग रास. असं एकातून एक पुढं उलगडत जायचं. मी रोज पाऊल टाकायचो, बैल फिरायचे, घुंगरं वाजायची. खाली बघितलं तर मला पाय नसायचे, नुसते दोन हात तरंगायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. पाय म्हातारपणी तसेही भरवशाचे नसतात.

संक्रांत जवळ आली तशी तिचं जेवण कमी झालं. भाकरीचा तुकडा हातात धरून बसायची. मी म्हणालो, "चांगलं झालंय. मी काय गोड बोलणारा न्हाई."

"ते खरं," ती म्हणाली, "पण मामा, एक सांगू का? त्या दिवशी तुम्ही या, बसा, पण बोलू नका. मागच्या वेळी तुम्ही आमच्या विभागाच्या मोठ्या सरांना म्हणालात, तुमच्या पोटामुळं तुम्हाला पेरणी दिसत नसंल."

"दिसत न्हवती त्यांना."

"मामा."

"बरं. न्हाई बोलत."

त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून शेतकरी आले. दोन म्हातारे आणि एक बाई, गंगूबाई नावाची, तोंडानं माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. आत मोठे सर, आणखी दोघं-तिघं साहेब, खुर्च्यांवर. भिंतीवर मोठा पडदा, चष्म्यातलं सगळ्यांना दिसावं म्हणून. मी मागं कोपऱ्यात, तोंड बंद.

तिघांना चष्मे घातले. गंगूबाईंनी विचारलं, "ह्यातून पैलतीर दिसतो का गं बाई?" खोली हसली. खेळ सुरू झाला. पडद्यावर बघितलं तर तिघांना पुरं अंग होतं. हातपाय, कपडे, सगळं. आदल्या दिवशी मोठे सर म्हणाले होते की नुसते हात भुतासारखे दिसतात, माणसं पूर्ण दाखवा. म्हणून अर्चनानं घाईघाईनं तयार अंगं आणून बसवली होती. त्या अंगांच्या पायांत काळे बूट.

पेरणी झाली, लोक खूश. राखण झाली, एका म्हाताऱ्यानं पाखरांवर अशी हाळी दिली की बाहेरची खरी पाखरं उडाली असतील. मग तिघं खळ्यापाशी आले. आणि कडेला उभे राहिले.

उभेच राहिले.

बैल वाट बघतायत. कणसं पसरलीयत. एका म्हाताऱ्यानं एक पाय उचलला, परत ठेवला. दुसरा खाली वाकला आणि मुठी धरलेल्या हातानं हवेत काहीतरी ओढायला लागला. गंगूबाई पण वाकल्या. तिघं वाकलेले, पडद्यावर तीन बूटवाली माणसं आपल्याच पायांशी झटापट करतायत आणि हात बुटांतून आरपार जातायत. मोठे सर म्हणाले, "हँग झालं का?" एक साहेब कुजबुजले, "इथंच अडकणार होतं." अर्चनाचा चेहरा चुन्यासारखा झाला. ती कॉम्प्युटरवर हे दाब, ते दाब करत होती. तिला बिघाड सापडेना, कारण बिघाड नव्हताच.

मला कळलं होतं. तोंडात शब्द आला होता आणि मी दात आवळून धरला होता. कबूल केलं होतं ना, बोलणार नाही म्हणून. असला माणूस मी. बोलू नये तिथं बोलतो आणि बोलायचं तिथं दिलेला शब्द पाळतो.

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. सरळ डोळ्यांत, ओढणी खांद्यावर घसरलेली, चष्मा ना तिला ना मला. "मामा, बोला आता."

"पायात बूट हायेत," मी म्हणालो. "खळ्यात कसं जातील?"

आमच्याकडं खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. देवळात एकवेळ विसरेल माणूस, खळ्यात नाही. तिथं वर्षाचं अन्न पडलेलं असतं. त्या तिघांचे खरे पाय खोलीत अनवाणीच होते. पण डोळ्यांना दिसत होते बूट, आणि डोळ्यांनी पायांना हलू दिलं नाही.

"आओ, कुणीतरी काढा की हे," चष्म्यातून गंगूबाई ओरडल्या. "आमच्या सासऱ्यानं बघितलं तर वरून खाली येईल."

अर्चनानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि एकदम हसत सुटली. त्या भरल्या खोलीत, साहेबांसमोर, नोकरी टांगणीला लागलेली असताना. मग वळून तिनं ती अंगंच काढून टाकली. पाय गेले, बूट गेले. तिघांचे नुसते हात तरंगायला लागले आणि ते हात सुळकन खळ्यात शिरले. बैल चालायला लागले. घुंगरं वाजली. गंगूबाईंनी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, बैलांना हाकायला सुरुवात केली.

मोठ्या सरांनी खाली स्वतःच्या बुटांकडं बघितलं. मग म्हणाले, "माझी आई मला ह्याच्यावरून फटका मारायची." शेतकऱ्यांचं झाल्यावर त्यांनी स्वतः चष्मा मागितला. घालण्याआधी खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, मग उभे राहिले. गंगूबाई जाताना अर्चनाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, ह्ये चालू ठेव. माझ्या नातवाला आणते." तिळगुळाच्या आधीच काम पुढं चालू राहिल्याचा कागद आला. त्या रात्री तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि मला सरळ म्हणाली, फ्रिजला नाही, "मामा, भाजीला मीठ बरोबर आहे का?" जास्त झालं होतं. मी म्हणालो, "जास्त झालंय." ती म्हणाली, "खा मग तसंच."

यंदा रान मी परत घेतलं. ज्वारी माझी आहे. काल त्या वासानं थांबलो ते ह्याच बांधावर. कणसं वाकलीयत, पाखरं उतरतायत, रविवारी मुलगा-सून येणार, सरांनाही हुरड्याला बोलावलंय. बाजारात परत जायला लागलोय. कुणी मान कलती केली तर मी त्याला सांगतो, सरळ धर, मानेला लचक बसंल. आणि यंदा मळणीला मशीन बोलवायची नाही असं ठरवलंय. कोपऱ्यात लहानसं खळं करीन. पुरतील तेवढी कणसं.

पण तो वास आला की मन त्या खोलीत जातं आणि शेवटी थांबतं ते चष्म्यातल्याच खळ्यापाशी. संक्रांतीनंतरचा एक रविवार. अर्चना म्हणाली, "मामा, या, नवीन केलंय." चष्मा घातला. रानातून चालत खळ्यापाशी गेलो. आता मला पाय होते, पायांत बूट होते. खळ्याच्या कडेला आलो तसे बूट आपोआप उतरले आणि जमिनीवर जोडीनं जाऊन बसले. माझे पाय उघडे. छान केलंय, असं म्हणणार तेवढ्यात दिसलं, की माझ्या बुटांच्या शेजारी आधीच एक जोड होता. बायकी चपला, झिजलेल्या. डाव्या चपलेचा पट्टा लाल दोऱ्यानं शिवलेला.

मी वाकून बघितलं. टाकासुद्धा तसाच, तिरपा. पोरीनं दिवाळीला घरी गेल्यावर कधी फोटो काढला होता, मला पत्ता नाही.

मागं खटखट बंद होती. खळ्यावर ऊन पडलेलं होतं. मेढीपलीकडं बैल उभे होते, त्यांच्या आड काही दिसत नव्हतं. चपला कडेला आहेत म्हणजे माणूस आत आहे. आमच्याकडं एवढं लहान पोरालाही कळतं.

मी कडेला उभा राहिलो. खाकरलो. आणि आत गेलो.